कट म्हणेपर्यंत

धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती, नुसती तिच्यातली ट्यूब लुकलुकत होती. टेलरबाईनं शटर अर्ध्यावर ढकललं, मशीनवरचं फडकं काढलं, बॉबीन भरली आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचे पाय आखूड करायला घेतले. पाय पेडलवर, पण नजर सारखी दाराकडे. शिलाई वाकडी गेली. तिनं उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी गेली. मग सुई वर केली आणि दिराला फोन लावला.

"भाऊजी, उठलात का?"

"कधीच. टेंपो धुतोय. का हो?"

"बाहेर बघा की जरा!"

"काय बघू? काही दिसतच नाही."

"तेच तर म्हणते! धुणं राहू द्या. कॅमेरा टेंपोत टाका आणि या. असलं धुकं विकत आणायचं म्हटलं तर आपण विकले जाऊ."

गल्लीत तिला तोंडावर टेलरबाई म्हणत आणि पाठ फिरली की डायरेक्टरीण. दोन्ही नावं तिला ठाऊक होती, दोन्ही चालत होती. पडदे, गणवेश, चेन बदलणं, अंगात न बसणारा कोट अंगात बसवणं हा धंदा. आणि उरलेल्या वेळात, उरलेल्या कापडात, उरलेल्या माणसांत पिक्चर. लहानच असायचे, चहा गार व्हायच्या आत संपणारे. पहिला एका हरवलेल्या बटणावर. दुसऱ्यात शेजाऱ्यांची मांजर होती. निम्मं शूटिंग झाल्यावर शेजारीण म्हणाली, "आमची मांजर दमते, उद्यापासून नाही पाठवणार," आणि शेवट मांजरीवाचून उरकावा लागला. लोकांना तो शेवटच जास्त आवडला, कुणी म्हणालं फार खोल आहे. शाळेच्या हॉलचे पडदे तिनं फुकट शिवून दिले, त्या बदल्यात एका संध्याकाळी हॉल मिळाला. तिथं भिंतीवर पांढरी चादर ठोकून तिनं आपले पिक्चर लावले होते. कॅमेरा दिरानं कुणाकडून तरी जुना घेतलेला. स्टँड म्हणजे इस्त्रीचं टेबल. तोंडावर उजेड पाडायला पडद्याचं चंदेरी अस्तर. आणि नट म्हणजे घरातली माणसं. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

त्यातल्या त्यात सासूबाई खऱ्या. जन्मभर बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधले, कुणी कधी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि म्हातारपणी कॅमेरा समोर आल्यावर बाई अशा काही उमलल्या की बघत राहावं. खोटं रडायला सांगितलं की आधी विचारायच्या, "एका डोळ्यानं की दोन्ही?"

नवा पिक्चर त्यांच्यावरच बेतलेला. एक म्हातारी घरातून बाहेर पडते आणि परतीची वाट विसरते. ही गोष्ट कुठून सुचली ते घरात कुणी बोलत नसे. गेल्या काही महिन्यांत सासूबाई भाजीत दोनदा मीठ घालायला लागल्या होत्या. एकदा कपाटाची किल्ली फ्रिजमधे ठेवून दिवसभर घर पालथं घातलं. सगळे हसले, सासूबाईही हसल्या. "वहिनी, आईची किल्ली पिक्चरमधे घ्या," दीर म्हणाला, आणि तिनं घेतली. घेतली खरी, पण तो प्रसंग लिहिताना बरगडीखाली कुठंतरी टोचलं. टाचणी राहिली असेल ब्लाउजात, असं स्वतःला सांगून ती पुढं लिहीत गेली.

सासूबाईंची एकच खोड होती. शॉट चालू असताना मधेच वळून कॅमेऱ्याकडं बघायच्या आणि विचारायच्या, "बरं होतंय का ग?" की सगळं मुसळ केरात. म्हणून या वेळी तिनं आधीच एका संध्याकाळी बोळात त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

"आई, मी कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

"नाही थांबत."

"मागं बघायचं नाही. सरळ चालायचं. वळायचं नाही. कुणी भेटलं तर एकच वाक्य, 'माझं घर कुठंय हो?' आणि नाव विचारलं तर?"

"आठवत नाही."

"खरंच विचारतील हां लोक. त्यांना माहीत नसणार आपण पिक्चर करतोय."

"अग पण चक्करबिक्कर आली तर?"

"येऊ द्या. मागं बघू नका."

दोघी पोट धरून हसल्या होत्या.

रस्त्यावर शूटिंग करायला परवानगी लागते. तिनं एकदा चौकशी केली होती. इतके कागद सांगितले की ते गोळा होईपर्यंत सासूबाईंच्या जागी ती स्वतःच म्हातारी झाली असती. त्यामुळे लपूनच करायचं. दातांच्या डॉक्टरीणबाईंचे पडदे तिनंच शिवलेले, म्हणून त्यांच्या दवाखान्याची पहिल्या मजल्यावरची खिडकी मिळाली. खिडकीतून अख्खा बाजाररस्ता दिसे. खालून जाणारे येणारे सगळे आपोआप पिक्चरमधे, आणि त्यांचं चहापाणीही करायला नको.

खाली दरवाज्यात तिनं सासूबाईंना कोट घातला. राखाडी. पडद्याच्या उरलेल्या कापडाचा, मुद्दाम धुक्यात विरून जाईल असा रंग निवडून शिवलेला. आतून छातीशी एक कप्पा, त्यात सासूबाईंचाच फोन, आवाज टिपायला. मागच्या वेळी ऐन शॉटमधे भाचीचा फोन आला होता, गॅस कसा लावायचा विचारायला. म्हणून या वेळी तिनं फोन विमान मोडवर टाकला. मग सासूबाईंचा चष्मा काढून स्वतःच्या पर्समधे ठेवला.

"त्यात खिडक्या चमकतात, आई."

"मला त्याच्याशिवाय तुझं तोंड पण धड दिसत नाही."

"माझं तोंड कशाला बघायचंय? तुम्हाला नुसतं चालायचंय."

दिरानं कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर सरकवली. "वहिनी, पण पाठीमागं कोण? दादा तर कामावर."

हा त्यांचा नेम होता. रस्त्यावरच्या शॉटला नवरा सासूबाईंच्या मागं अंतर ठेवून चालायचा, हातात पिशवी घेऊन, भाजी आणायला निघाल्यासारखा. वरून कट झाला की दीर त्याला फोन करायचा आणि तो आईच्या खांद्याला हात लावायचा. त्याची कारखान्यात सकाळची पाळी होती. आणि धुकं कुणाच्या पाळीसाठी थांबत नाही.

"मीच धावत येते खाली," ती म्हणाली. "कट म्हटलं की जिना उतरायचा, किती लागतंय?"

"दादा ओरडेल."

"कळलं तर ना."

"अरे मी काय कुक्कुलं बाळ आहे?" सासूबाई म्हणाल्या. "चला लवकर, थंडी वाजतेय."

वर खिडकीशी कॅमेरा लागला. तिनं लाल फडकं हलवलं, खाली सासूबाई निघाल्या.

आणि काय चालल्या! खांदे किंचित वाकलेले, पाऊल टाकावं की नको अशा बेतानं टाकलेलं, एक हात हवेत थोडा पुढं, भिंत शोधावी तसा. दूधवाल्यानं सायकल वळवून घेतली. एक माणूस थांबला, मागं वळून बघत राहिला. छोट्या पडद्यावर ती राखाडी पाठ धुक्यात एकेक धागा उसवावा तशी विरत चालली होती. टेलरबाईच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं काही झालं नव्हतं.

"वहिनी, म्हणू का कट?"

"थांबा."

"दिसेनाशा झाल्या."

"तेच हवंय. थांबा ना थोडं."

ती थांबली. रिकामं धुकं पडद्यावर हलत होतं, आणि त्या रिकाम्यालाही आईंच्या जाण्याचा आकार होता, म्हणून ती आणखी थांबली. मग "कट" म्हणाली, दिराच्या पाठीवर थाप मारली, "भाऊजी, हा लागला!" म्हणाली आणि जिन्याकडं धावली.

रस्त्यावर आल्यावर कळलं, वरून दिसत होतं तेवढंही खालून दिसत नव्हतं.

"आई!"

माणसं धुक्यातून एकदम नाकासमोर उगवत आणि मागं नाहीशी होत. ती भराभर चालत औषधांच्या दुकानापर्यंत आली. तिथं नव्हत्या. घड्याळवाल्यापर्यंत आली. तिथंही नाही. "आई, कट! झालं!" ती ओरडली. एक बाई दचकून बाजूला झाली. टेलरबाईनं सवयीनं फोन काढला, सासूबाईंचा नंबर दाबला. पलीकडून तो गोड आवाज म्हणाला की आपण ज्यांना फोन करत आहात त्यांच्याशी संपर्क होऊ शकत नाही. विमान मोड. तिनंच टाकलेला.

दीर धापा टाकत मागून आला. "काय झालं?"

"दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाहीत, भाऊजी!"

कोपऱ्यावर वर्तमानपत्रवाला गठ्ठ्यांवर प्लास्टिक टाकत बसला होता.

"काका, एक म्हातारी बाई बघितली का? इकडूनच गेल्यात."

"काय घातलंय?"

"कोट. राखाडी."

त्यानं धुक्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "हो, आली होती एक. माझं घर कुठंय हो म्हणाली. मी म्हटलं, आजी, नाव काय तुमचं? तर म्हणाली आठवत नाही. तुम्ही कोण तिच्या?"

"सून. अहो, ते तसं नाही, त्या ॲक्टिंग करत होत्या."

"ॲक्टिंग?" म्हातारा उठून उभा राहिला. "बाई, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हात थरथरत होते. मी म्हटलं बस इथं, तर बसेना. म्हणाली, थांबायचं नाही. कुणाची तरी फार भीती घातलेली दिसली मला. आणि तुम्ही म्हणता ॲक्टिंग!"

"कुठं गेल्या?"

"सरळ."

सरळ. तो शब्द कुणी शिकवला होता? रडायला सांगितलं नव्हतं या शॉटला. रडणं पुढच्या शॉटला होतं.

"वहिनी," दीर हळू आवाजात म्हणाला, "सरळ म्हणजे पुढं मोठा रस्ता आहे."

तिला ते माहीत होतं. बाजाररस्ता जिथं संपतो तिथं ट्रकचा मोठा रस्ता आडवा जातो. दिवसाउजेडीसुद्धा तिथं पोरांचा हात धरून उभं राहावं लागतं. आणि सासूबाईंना वळायचं नाही असं सांगितलेलं, थांबायचं नाही असं सांगितलेलं, आणि चष्मा पर्समधे.

दोघं पळत सुटले. पळताना तिच्या पर्सचा पट्टा खांद्यावरून घसरे आणि आतला चष्मा कशावर तरी आपटून खटखट वाजे.

"दादाला फोन करू का?"

"नको."

"वहिनी, त्याची आई आहे."

"माहितेय मला कुणाची आई आहे! थांबा जरा, हात जोडते."

पुढं हॉर्न वाजला. लांबलचक, मग कचकन ब्रेक. मग एकदम माणसांचा गलका. टेलरबाई धावतच होती पण आपण धावतोय हे तिला कळत नव्हतं. डोळ्यांसमोर नुसतं आपणच शिवलेल्या कोटाचं कापड होतं, त्याचा पोत, त्याची उलटी बाजू. मोठ्या रस्त्याच्या कडेला घोळका जमला होता. तिनं कोपरानं माणसं बाजूला केली. एक हातगाडी आडवी पडली होती, रस्ताभर बटाटे. ट्रकवाला खाली उतरून गाडीवाल्याला शिव्या घालत होता, गाडीवाला ट्रकवाल्याला.

"बटाटे," दीर म्हणाला, आणि त्याला हसू आलं की रडू ते त्यालाच कळलं नाही. "वहिनी, बटाटे आहेत."

"एक म्हातारी..." ती घोळक्यातल्या प्रत्येकाला विचारत सुटली. कुणी बघितलं नव्हतं. कुणी बघितलं होतं पण ती दुसरीच असेल. बटाटे वेचणारी एक बाई म्हणाली, "एक गेली ना मघाशी पलीकडं. अशी हात पुढं करून. गाड्या थांबल्या म्हणून वाचली."

रस्ता ओलांडताना दिरानं तिचा हात धरला. इतक्या वर्षांत त्यानं कधी वहिनीचा हात धरला नव्हता.

पलीकडं रस्ता नव्हताच. एका गोदामाची भिंत होती, आणि बाजाररस्त्याच्या अगदी नाकासमोर त्या भिंतीत लोखंडी फाटक, बंद. त्या फाटकापुढं राखाडी कोट उभा होता. पाठ इकडं. दोन्ही तळवे फाटकाला टेकलेले. आतल्या बाजूनं वॉचमन गजांमधून बघत होता.

"तुमच्या आहेत का ह्या? केव्हाच्या उभ्यात. हलत नाहीत, बोलत नाहीत. बाई, फाटक नऊला उघडतं असं दहादा सांगितलं."

"आई."

पाठ हलली नाही.

"आई, मी आहे."

काहीच नाही. नुसते खांदे, श्वासानं वरखाली होणारे. टेलरबाईला वाटलं, आता या वळतील आणि आपल्याला ओळखणार नाहीत. तिला पुढं होऊन तोंड बघायचा धीर होईना. शेवटी तिनं खांद्याला हात लावला, नवरा लावायचा तसा, आणि म्हणाली, "कट."

सासूबाई वळल्या.

"किती उशीर ग!" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं ही काही आज कट म्हणत नाही. बरं झालं का?"

टेलरबाई मटकन खाली बसली, रस्त्याच्या कडेला, धुळीत. दीर आईचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत होता. बर्फ झाले होते. "आई, तू रस्ता कसा ओलांडलास?" त्यानं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "कुठला रस्ता?" आणि मग त्यांनी ते झटक्यात सावरून घेतलं, "अरे सरळच तर आले."

परतताना टेंपोत त्या फार बोलल्या. वॉचमनची नक्कल केली. वर्तमानपत्रवाल्याला कसं फसवलं ते सांगितलं. दीर हसत होता. टेलरबाईनं चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला. एका काचेला तडा गेला होता. "राहू दे, एका डोळ्यानं रडेन," सासूबाई म्हणाल्या.

घरी चहा झाला. दीर टेंपो धुवायला म्हणून गेला तो तिथंच बसून राहिला. टेलरबाई आतल्या खोलीत गेली, फोनमधला आवाज उतरवून घ्यायला लागली. कानांत इअरफोनच्या बोंड्या घातल्या. पावलं. कोटाचं कापड फोनवर घासल्याचा आवाज. पुढच्या वेळी कप्प्याला आतून मऊ फलालीन लावायला हवं, तिला सवयीनं वाटलं. "माझं घर कुठंय हो?" छान म्हटलं होतं. मग वर्तमानपत्रवाला. मग पावलं वाढली, अडखळली. मग कुणी जवळ नसताना, अगदी बारीक आवाजात, सासूबाई:

"सरळ जायचं. सरळ. ती म्हणालीय सरळ. ती येईल. कोण बरं... येईल ती. मागं नाही बघायचं. सरळ."

हळूहळू मोठ्या रस्त्याचा आवाज जवळ येत गेला, आणि त्या तेच म्हणत राहिल्या.

तिनं बोंड्या काढल्या. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"ऐकलंस?"

तिनं मान हलवली.

सासूबाई पलंगाच्या काठावर टेकल्या. "त्या पेपरवाल्यापाशी काय झालं कळलं नाही बघ. सगळं पुसलं गेलं. हा रस्ता कुठला, मी कुठं चाललेय, काहीच नाही. तुझं तेवढं आठवत होतं. सरळ जा, मागं बघू नको. म्हटलं, कुणीतरी सांगितलंय तर कारण असेल." त्यांनी पलंगावरची चादर हातानं सारखी केली. "तुझं नाव पण आठवत नव्हतं ग. फाटकापाशी तू हाक मारलीस ना, ती आवाजावरून नाही ओळखली मी. कट म्हणालीस, तेव्हा सगळं परत आलं."

"आई, असं आधी कधी झालंय?"

"झालंय."

"कितीदा?"

"ते आठवलं असतं तर काय!" त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मग तिचं मनगट घट्ट धरलं. "त्याला सांगू नको. तो मला खुर्चीत बसवून ठेवेल. पिक्चर बंद करेल तुझा. मला भीती वाटते त्या खुर्चीची, विसरण्याची नाही वाटत एवढी."

नवरा दुपारी आला. डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले, आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. "आज धुकं चांगलं होतं," तो म्हणाला. "शॉट घेतलात वाटतं?"

सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. टेलरबाईला वाटलं, म्हणावं हो, फार छान झाला, आणि पानं घ्यावीत. ते किती सोपं होतं. तिनं बोंड्या त्याच्या कानांत घातल्या आणि फोन चालू केला.

तो उभ्यानंच ऐकत राहिला. मोठ्या रस्त्याच्या आवाजापाशी त्यानं ओट्याचा काठ धरला. संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"पाठीमागं कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो खुर्चीत बसलेल्या आईजवळ गेला, तिच्या तुटक्या चष्म्याकडं बघत बसला.

"तिला काही म्हणू नको," सासूबाई म्हणाल्या. "मीच मागं बघितलं नाही."

"उद्या डॉक्टरकडं जायचंय."

"जाऊ. पण माझा रडायचा शॉट राहिलाय."

"आई!"

"राहिलाय तो राहिलाय. अर्धवट पिक्चरमधे मला नाही सोडायचं कुणी. सांगून ठेवते, दोघांना."

त्यानं आईच्या नाकावरचा चष्मा सरळ केला. मग बायकोकडं न बघता म्हणाला, "आधी डॉक्टर काय म्हणतो ते बघू. आणि पुढं मी बरोबर असल्याशिवाय ही उंबरा ओलांडणार नाही. पिक्चरला नाही, कशालाच नाही." ते कुणाला सांगितलं, आईला की तिला, हे टेलरबाईला कळलं नाही. दोघींनीही मान हलवली.

मग तिच्या लक्षात आलं, सकाळी दोरीवर घातलेले कपडे तसेच होते. ती गॅलरीत गेली. धुक्यानं ते पुन्हा भिजले होते, चादरींना पाणी सुटलं होतं. तिनं एकेक काढून पिळला. मधेच मागं वळून तिनं दारातून आत बघितलं; सासूबाई खुर्चीतच होत्या. तिनं पुढची चादर ओढली, झटकली आणि दोरीवर टाकली.